कुठवर आलो होतो?

माणसाची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर तो पुस्तकात खूण म्हणून काय घालतो हे पाहावे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तके चाळताना मला आजवर बसची तिकिटे, विजेची बिले, केसांतला आकडा, गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि एकदा तर परीक्षेचे प्रवेशपत्र सापडले आहे. त्या प्रवेशपत्राच्या मालकाने परीक्षा कशी दिली असेल, याची काळजी मी अजूनही अधूनमधून करतो.

आमच्या वडिलांना खूण शोधण्याचा कंटाळा. ते सरळ पानाचा कोपरा दुमडीत. आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवीत होती. वर्गातल्या मुलांचे कान तिने कधी पिरगाळले नाहीत. पण पुस्तकाच्या पानाचा कान पिरगाळणाऱ्या नवऱ्याशी ती दोन दोन दिवस बोलत नसे. तिची स्वतःची खूण ठरलेली असे. जुन्या लग्नपत्रिकेची बोटभर रुंदीची पट्टी कापायची, तिला वरच्या टोकाला भोक पाडायचे आणि त्यातून रेशमाचा दोरा ओवायचा. कोणाच्या लग्नाची पत्रिका कोणत्या कादंबरीत शिरेल याचा नेम नसे. आमच्या एका मामांचा विवाह तर कित्येक वर्षे एका शोकान्त नाटकात अडकून पडला होता.

तीन वर्षांपूर्वी या पट्ट्या एकदम निरुपयोगी झाल्या. आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. या विकारात कडेकडेचे दिसते; पण जिथे नजर रोखावी, नेमके तेवढेच पुसले जाते. दारात कोणी उभे आहे हे आईला कळे, पण त्याचे तोंड दिसत नसे. पुस्तक उघडले की समास दिसे आणि मजकूर नाहीसा होई. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज शंभर पाने वाचणाऱ्या बाईला फक्त समास दिसू लागावा, याहून मोठा विनोद नियतीला सुचला नसावा.

वाचकहो, दिवाळी अंकाच्या पानांवर तुम्ही हसायला येता हे मला ठाऊक आहे. तेव्हा डोळ्यांची गोष्ट इथेच थांबवून कानांच्या गोष्टीकडे वळतो. कारण त्या दिवसापासून आमच्या घरात यंत्रांचा जो प्रवेश झाला, तो एखाद्या फार्सात शोभावा असाच होता.

पहिला प्रयोग अर्थात मोबाइल फोनचा. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले, तेव्हापासून फोनवर मराठी पुस्तके ऐकण्याची चांगली सोय झाली आहे. अशा ॲपमध्ये पुस्तक जिथे थांबवाल तिथूनच पुढे सुरू होते. मी मोठ्या उत्साहाने एक जुना फोन आईला देऊन टाकला. पण फोन म्हणजे नुसती गुळगुळीत काच. तिच्यावर बोटाला ओळख पटेल असे काहीच नसते. आई ‘थांब’ म्हणून बोट टेकवी आणि पुस्तक दहा मिनिटे पुढे धावे. एकदा तर नायिकेच्या मृत्यूच्या प्रसंगी तिच्या हातून माझ्या धाकट्या मेहुण्याला फोन लागला. तो बिचारा पलीकडून “हॅलो, हॅलो” करीत राहिला आणि आईला वाटले, कादंबरीत नवे पात्र आले.

दृष्टी गेलेल्यांसाठी फोनमध्ये बोलून दाखवणारी व्यवस्था असते. ती शिकून घेऊन सारे व्यवहार सफाईने करणारी माणसे मी पाहिली आहेत. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थीही होता. मी आईला तसे सुचवून पाहिले. तिने माझ्याकडे, म्हणजे माझ्या कडेकडे, पाहिले आणि म्हणाली, “अरे, मी जन्मभर भाषा शिकवली. आता या वयात काच शिकायला सांगू नकोस. मला दाबता येईल असं बटण दे.”

मागणी रास्त होती. मी घराजवळच्या दुकानातून गाणी ऐकण्याचे एक छोटे यंत्र आणले. बटणे पाच, आवाज खणखणीत, किंमत माफक. एका हौशी मित्राने पुरवलेले एका कादंबरीचे अकरा तासांचे वाचन त्यात भरले आणि आईच्या हाती दिले. त्या रात्री मी फार दिवसांनी शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने यंत्र चालू केले. कादंबरी पहिल्या वाक्यापासून सुरू झाली. यंत्र बंद केले की त्याला काल काय झाले याची शुद्धच राहत नसे. आदल्या रात्री दोन तास ऐकून आई जिथे पोहोचली होती तिथे पुन्हा जायचे, म्हणजे पुढे नेण्याचे बटण दाबून धरायचे आणि चर्रचर्र असा आवाज ऐकत बसायचे. ते काम माझ्याकडे आले. मी कॉलेजातून परतलो की आई विचारी, “अरे, कुठवर आलो होतो?” मी बटण दाबून धरी. “इथे?” “नाही, इथे अजून वाड्याची वाटणी व्हायची आहे.” “मग इथे?” “अगं बाई, इथे तर म्हातारा मेला वाटतं! मागे घे, मागे घे.” अशा रीतीने त्या म्हाताऱ्याचा मृत्यू आम्हाला तीन दिवस आधीच समजला.

महिनाभर हे चालले. कधी मला उशीर होई, कधी सौ. स्वयंपाकात असे, कधी रेवाची, म्हणजे आमच्या कन्येची, परीक्षा असे. मग एका रविवारी मी स्वतःहून विचारले, “आई, तुझी कादंबरी कुठवर आली?” ती म्हणाली, “झाली की परवाच. छान होती. आता काही दिवस नको मला नवीन.”

मला बरे वाटले. पण संध्याकाळी यंत्र भारित करायला लावताना माझ्या मनात सहज हिशेब आला. त्या आठवड्यात मी फार तर दोनदा तिला जागा शोधून दिली होती. अकरा तासांच्या कादंबरीतले चार तासही झाले नसावेत. मी जेवताना शेवटच्या प्रकरणातला एक प्रसंग मुद्दाम काढला. आईने “हो ना” म्हणून आमटी मागितली. तिला तो प्रसंग ठाऊक नव्हता.

आई खोटे बोलली होती. मला लहानपणी एका खोट्या सहीबद्दल दिवसभर उपाशी ठेवणारी माझी आई, तिच्यामुळे कोणाचा खोळंबा होऊ नये म्हणून कादंबरी अर्धी टाकून ‘संपली’ म्हणाली होती. वाचणाऱ्याला पुस्तक मिटायचे स्वातंत्र्य असते, आणि ते पुन्हा उघडताना कोणाची परवानगी लागत नाही, ही गोष्ट मी तोवर कधी ध्यानात घेतली नव्हती. लग्नपत्रिकेची ती पट्टी गेली आणि तिच्याबरोबर आईचे हे स्वातंत्र्यही गेले होते.

त्या रात्री मी ठरवले, की खूण राखणारे यंत्र मिळवायचेच.

मराठीचा माणूस एकदा एखाद्या विषयाच्या मागे लागला की तो प्रथम त्याच्या इतिहासात शिरतो. मीही शिरलो. आणि मला आश्चर्य वाटले ते हे, की आपल्या घरोघरी एके काळी असलेल्या कॅसेटला ही विद्या उपजत अवगत होती. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ती छोटी कॅसेट जगापुढे आणली. १९७९ साली सोनीचा वॉकमन निघाला आणि ती माणसाच्या कमरेला लटकली. कॅसेटमधली फीत जिथे थांबवाल तिथेच थांबते. ती काढून कपाटात ठेवा, सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या यंत्रात घाला. तरी पुढचाच शब्द ऐकू येईल. प्रत्येक कॅसेट आपली खूण आपल्याच पोटात बाळगून असे. त्या वेळी कोणी तिचे कौतुक केले नाही, कारण ती गुंता करी तेव्हा आपण सगळे पेन्सिल घालून तिची चाके फिरवण्यात गुंतलेले असू.

पुढे १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. आवाज स्वच्छ झाला; पण तबकडी बाहेर काढली की जागा विसरली. मग एमपीथ्रीची यंत्रे आली. २००१ साली निघालेल्या ॲपलच्या आयपॉडची कीर्ती तर हजार गाणी खिशात मावतात अशीच होती. सारी गोम त्या ‘गाणी’ शब्दात आहे. गाणे तीन-चार मिनिटांचे. मध्येच तुटले तर पुन्हा पहिल्यापासून ऐकायला कोणाची ना आहे? उलट दोनदा ऐकायला मिळाले म्हणून माणूस खूश होतो. कादंबरीचे, व्याख्यानाचे, कीर्तनाचे तसे नाही. गाण्यासाठी घडवलेल्या यंत्राला पुस्तक ऐकवायला सांगणे म्हणजे टांगेवाल्याला पंढरपूरला ने म्हणण्यासारखे आहे. तो नेईलही, पण प्रत्येक नाक्यावर विचारील, “साहेब, कुठून निघालो होतो?” आयपॉडमध्ये मात्र बोलक्या पुस्तकांची निराळी सोय होती आणि त्यांची जागा तो लक्षात ठेवी. पण २०२२ साली ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद केला. माझी जिज्ञासा नेहमीप्रमाणे उशिरा जागी झाली होती.

एवढे ज्ञान घेऊन मी एका शनिवारी ठाण्याहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर दाखल झालो. विजेच्या वस्तूंच्या त्या गर्दीत मराठीच्या अध्यापकाची जी अवस्था होते, ती सांगण्यासारखी नाही. एका दुकानदाराने माझ्यापुढे एक चकचकीत यंत्र ठेवले.

“साहेब, बत्तीस जीबी. आठ हजार गाणी.”

“गाणी नकोत. एकच पुस्तक ऐकायचे आहे.”

“एकच? मग तर खूप जागा उरेल, साहेब!”

“जागेचा प्रश्न नाही. पुस्तक जिथे थांबवले तिथून ते पुन्हा सुरू व्हायला हवे.”

त्याने माझ्याकडे दयार्द्र नजरेने पाहिले आणि आतल्या पोऱ्याला हाक मारली. त्या पोऱ्याला मात्र सगळे ठाऊक होते. त्याची आजी गावी प्रवचने ऐकते, असे त्याने सांगितले. त्या दोन तासांत त्याच्याकडून आणि नंतर माझ्या पुतण्याकडून मला जे कळले, ते तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतो.

पहिली गोष्ट जागेची. नुसत्या बोलण्याच्या मुद्रणाला गाण्याइतकी जागा लागत नाही. सेकंदाला ६४ किलोबिट या मापाने बोलणे साठवले, तर एका तासाला सुमारे २९ एमबी लागतात. म्हणजे ८ जीबीच्या यंत्रात पावणेतीनशे तासांचे वाचन बसते. तेव्हा बत्तीस आणि चौसष्ट या आकड्यांनी दिपून जाऊ नये.

दुसरी गोष्ट, यंत्राची परीक्षा दुकानातच घ्यावी. आपली एखादी तासाभराची फाइल बरोबर न्यावी. ती मध्येच कुठेतरी थांबवून यंत्र पूर्ण बंद करावे आणि पुन्हा चालू करावे. एवढी पहिली इयत्ता बरीच यंत्रे पास होतात. मग दुसरी फाइल लावावी, ती थोडी ऐकावी आणि पुन्हा पहिल्या फाइलकडे यावे. इथे अनेकांची दांडी उडते. त्यांना शेवटची एकच जागा आठवते. सकाळचे प्रवचन आणि दुपारची कादंबरी ही दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. तिसरी परीक्षा म्हणजे यंत्र संगणकाला जोडून सोडवावे. काही यंत्रे अशा वेळी आपली यादी नव्याने मांडतात आणि त्या मांडामांडीत जुन्या खुणा पुसल्या जातात. चौथी परीक्षा तुमची. डोळे मिटा आणि चालू करण्याचे बटण शोधा. सापडले नाही, तर यंत्र परत द्या.

तिसरी गोष्ट फार गमतीची आहे. काही यंत्रांत ही विद्या असते, पण ती एका कप्प्यात कुलूपबंद असते. सॅनडिस्कच्या क्लिप घराण्यातल्या यंत्रांत ‘म्युझिक’, ‘पॉडकास्ट्स’ आणि ‘ऑडिओबुक्स’ असे निराळे कप्पे असतात. तेच वाचन ‘म्युझिक’मध्ये ठेवले तर यंत्र त्याला गाणे समजते आणि विसरते, ‘ऑडिओबुक्स’मध्ये ठेवले तर पुस्तक समजते आणि त्याची जागा जपते. आपल्याकडे पाटावर बसवले की तोच माणूस जावई होतो, त्यातलाच हा प्रकार. ज्यांच्या घरी असे यंत्र विसराळू म्हणून पडून असेल, त्यांनी आधी फाइलचा पाट बदलून पाहावा.

पुतण्याने याच्या पुढची पायरी सांगितली. रॉकबॉक्स नावाची एक प्रणाली जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून तयार केली आहे आणि ती फुकट मिळते. आयपॉड आणि सान्सा क्लिप प्लस अशा काही जुन्या यंत्रांत ती घातली, की एका पुस्तकात हव्या तेवढ्या खुणा ठेवता येतात आणि यंत्र आपली यादी बोलूनही दाखवते. मात्र ती सगळ्या यंत्रांवर चालत नाही, आणि ती घालायला घरात एक पुतण्या लागतो.

यांपैकी काहीच जमत नसेल, तर एक साधा गावठी उपाय आहे. लांबलचक मुद्रण दहा दहा मिनिटांच्या तुकड्यांत कापावे. मग खूण हरवली तरी दहा मिनिटांपलीकडे नुकसान होत नाही. तुकड्यांना नावे देताना मात्र ००१, ००२ असे आकडे घालावेत. नुसते १, २ असे लिहिले, तर पुष्कळ यंत्रे एकानंतर दहा वाजवतात आणि मग म्हातारा लग्नाआधीच मरतो. तसेच मुद्रण एकाच ठरावीक मापाने साठवलेले असावे. माप कमीजास्त होत असेल, तर काही यंत्रे पुढे-मागे उडी मारताना अंदाजाने मारतात, आणि त्यांचा अंदाज आपल्या हवामानाच्या अंदाजाइतकाच खरा ठरतो.

ज्यांची दृष्टी अगदीच गेली आहे, त्यांच्यासाठी याहून उत्तम व्यवस्था आहे हेही सांगायला हवे. १९९६ साली निरनिराळ्या देशांतल्या संस्थांनी एकत्र येऊन डेझी नावाची पद्धत पुढे नेली. या पद्धतीच्या बोलक्या पुस्तकात प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर जाता येते. ती वाचणारी व्हिक्टर रीडर स्ट्रीमसारखी यंत्रेही आहेत. त्यांच्यावर बोटाला कळणारी बटणे असतात, त्यांत खुणेचे बटण निराळे असते. आपल्याकडे २०१६ साली सुगम्य पुस्तकालय सुरू झाले, तिथे दृष्टिहीन सभासदांना अशा स्वरूपातली पुस्तके मिळतात. ही यंत्रे मध्यमवर्गीय खिशाला जड आहेत, पण ज्या घरात गरज आहे त्या घराने त्यांचे नाव तरी ठाऊक करून घ्यावे.

एवढी विद्या मिळवून मी ते पुस्तकाच्या कप्प्याचे छोटे यंत्र घेऊन घरी आलो. कादंबरी योग्य त्या पाटावर बसवली. आईने ऐकली, थांबवली, बंद केली. दुसऱ्या दिवशी चालू केली आणि पुढचेच वाक्य आले. आई काही बोलली नाही. पण त्या दिवशी मी घरी परतलो तेव्हा तिने ‘कुठवर आलो होतो’ असे विचारले नाही. “वाटणी झाली बरं का वाड्याची” एवढेच सांगितले. आठवड्याने तिने कादंबरी खरोखरच संपवली आणि म्हाताऱ्याच्या मृत्यूवर माझ्याशी कडाक्याचा वाद घातला. मला वाटले, आपले काम झाले.

पण एके दिवशी ती म्हणाली, “यात एक उणीव आहे रे. मी थांबते तिथली जागा हे राखतं. मला आवडलं, खटकलं, तिथली जागा कशी राखायची? पुस्तकात मी पेन्सिलीने रेघ ओढत असे.”

खरेच की! खुणा दोन प्रकारच्या असतात आणि मला आजवर एकच दिसली होती. एक थांबल्याची खूण, ती यंत्र आपोआप ठेवते. दुसरी मन अडल्याची खूण, ती ज्याची त्यालाच ठेवावी लागते.

आणि याच सुमारास आईला एक पुस्तक आठवले. तिच्या लहानपणी घरात असलेली एक जुनी कादंबरी. ती आता छापून मिळत नाही, मग तिचे वाचन कोण करणार? आमच्या ग्रंथालयात तिची एक जीर्ण प्रत निघाली. मी व्याख्याने टिपण्यासाठी वापरतो ते आवाज मुद्रित करण्याचे यंत्र घरात होते. रेवा म्हणाली, “बाबा, मी वाचते. आजीसाठी रोज थोडं थोडं.” रेवा दहावीत आहे, इंग्रजी शाळेत शिकते, आणि तिचे मराठी वाचन म्हणजे पावसाळ्यातला घोडबंदर रस्ता. पण आजीने लगेच होकार दिला.

या मुद्रणयंत्राची एक खुबी मला तोवर ठाऊक नव्हती. ऐकता ऐकता एक बटण दाबले की त्या जागी खूण पडते, आणि मग पुढच्या-मागच्या बटणाने एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर उडी मारता येते. एका फाइलमध्ये अशा ९९ खुणा मावतात. मात्र बाहेरून आणून भरलेल्या फाइलवर घातलेली खूण तात्पुरती. दुसरी फाइल लावली की ती जाते. त्याच यंत्रावर मुद्रित केलेल्या आवाजावरची खूण मात्र कायम राहते. घरच्या माणसाचा आणि पाहुण्याचा भेद यंत्रालाही कळतो म्हणायचा. रेवा त्याच यंत्रावर वाचणार होती, म्हणून आमच्या खुणा कायमच्या झाल्या. सौ.ने आपल्या पाकिटातली एक मखमली टिकली काढून त्या बटणावर चिकटवली, म्हणजे आईच्या बोटाला ते चटकन सापडावे. बटण सौभाग्यवती झाले आणि वाचन सुरू झाले.

पहिले प्रकरण आईने ऐकले. रात्री मी कुतूहलाने पाहिले, तर त्यात तेवीस खुणा! मला भरून आले. एका वयोवृद्ध वाचकाला एका प्रकरणात तेवीस जागा आवडाव्यात, यावर एखादा निबंधच लिहावा असे मनात आले. वही-पेन घेऊन मी पहिल्या खुणेवर गेलो. वाक्य वार्धक्याविषयी होते: जरा कोणालाच चुकत नाही. रेवाने तो ‘जरा’ आपण ‘जरा थांब’ म्हणतो त्यातल्या ‘ज’ने वाचला होता. म्हातारपणाचे थोडेसे झाले होते. दुसऱ्या खुणेवर गाईपुढचा चारा चहातल्या ‘च’ने वाचलेला होता. तिसऱ्या खुणेवर ‘ळ’चा ‘ल’. चौथ्यावर स्वल्पविराम गिळला होता. माझ्या निबंधाचा विषय तिथेच संपला. आईने पेन्सिल काढली नव्हती. लाल शाई काढली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी आणि नात समोरासमोर बसल्या. आजी खुणेवर उडी मारी, वाक्य ऐकवी आणि म्हणे, “म्हण पुन्हा.” रेवा पुन्हा म्हणे. पहिले प्रकरण तिने सबंध पुन्हा वाचले. दुसऱ्या प्रकरणात नऊ खुणा पडल्या, तिसऱ्यात चार. रेवा आता आदल्या रात्री प्रकरण वाचून ठेवते, अडलेला शब्द आजीला विचारते. मी मराठीचा अध्यापक असून दहा वर्षांत जे मला साधले नाही, ते एका टिकलीने दोन महिन्यांत साधले. हे कबूल करायला मला थोडी लाज वाटते, पण दिवाळीत खोटे बोलू नये.

गेल्या आठवड्यात सातवे प्रकरण झाले. त्यात एकच खूण होती. मी ती लावून ऐकली. उच्चार नीट, विराम जागच्या जागी. पुन्हा ऐकले, काही चूक सापडेना. शेवटी आईला विचारले, “इथे काय चुकले?”

“तिथे काही चुकलेलं नाही,” आई म्हणाली. “वाक्याच्या मध्ये ती थांबली आहे बघ. पुढे काय होणार ते तिला कळलं आणि वाचवेना. आजवर ती माझ्यासाठी वाचत होती. तिथून ती स्वतःसाठी वाचायला लागली. ती जागा मला राखून ठेवायची आहे.”

मी ती खूण पुन्हा लावली. खरोखर मध्ये थोडा वेळ काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज आणि मग पान उलटल्याचा. छापील पुस्तकात ही जागा मला कधी सापडली नसती.

हा मजकूर लिहीत असतानाच पलीकडच्या खोलीत आठव्या प्रकरणाची तयारी चालली आहे. रेवा शाळेतून येऊन हातपाय धुऊन बसली आहे, जीर्ण प्रतीची पाने जपून उलटते आहे, आणि तिची जागा हरवली आहे. तिने खूण म्हणून घातलेले बसचे तिकीट बहुधा कुठेतरी गळून पडले.

“आजी,” ती विचारते आहे, “कुठवर आलो होतो गं आपण?”

आणि आई यंत्राला हातही न लावता सांगते आहे.